कच्चा कागद

"लिहा," शिंपी म्हणाला, "माझा भाऊ हलकट आहे."

माफीताईंनी मांडीवरच्या पॅडवर 'भाऊ' एवढाच शब्द लिहिला आणि पेन उचलून धरलं.

"लिहिलंत?"

"लिहिलं."

"हलकट?"

"तुम्ही बोला हो. माझा हात चालूच आहे."

"दुकानाची पाटी उतरवली त्यानं. माझं नाव होतं पाटीवर. मी इकडं आलो आणि त्यानं शिडी लावली. अहो, निदान मरेपर्यंत तरी थांबायचं की नाही माणसानं? हेही लिहा." शिंप्याला धाप लागली. त्याने श्वास सावरला. मग आवाज उतरवून म्हणाला, "सुईत दोरा ओवायला मीच शिकवलं त्याला. बोटं जाडी त्याची. ओवता यायचं नाही, मग रडत बसायचा."

इथे मात्र माफीताईंचं पेन भराभर चाललं. हलकटापाशी अडलेला हात सुईदोऱ्यापाशी असा सुटला, की शिंप्यालाही बरं वाटलं. आपलं म्हणणं कोणीतरी शब्दन्‌शब्द टिपून घेतंय, असं वाटून तो डोळे मिटून स्वस्थ पडला.

दोन दिवसांनी शिंपी गेला. त्याच्या भावाला जाडसर फिकट पिवळ्या पाकिटातून एक पान मिळालं. त्यात लिहिलं होतं: 'मला माझा भाऊ आठवतो. लहानपणी सुईत दोरा ओवता येईना म्हणून तो रडायचा, तेव्हा त्याची बोटं मी हातात धरायचो. आता दुकान त्याच्या हातात आहे. मी निवांत आहे. मनात काही ठेवलेलं नाही.'

भाऊ लिफ्टसमोरच्या बाकावर बसून लहान पोरासारखा हमसून रडला. बोटं खरोखरच जाडी होती. पान दुमडता येईना त्याला.

"खरंच असं म्हणाला तो?"

"लिहिलंय तेच म्हणाले," माफीताई म्हणाल्या आणि त्याच्या पाठीवरून हात फिरवला.

हे उत्तर त्यांचं ठरलेलं होतं. त्यात खोटं कुठे आहे ते कोणाला दाखवता आलं नसतं, आणि खरं कुठे आहे ते विचारायची वेळ त्यांनी कोणावर येऊ दिली नव्हती. घरी जाताना भाऊ हलका होऊन गेला. पाटीचं काही बोलला नाही. पाटीबद्दल बोलण्यासारखं काही उरलंच नव्हतं.

मोठ्या हॉस्पिटलच्या मागे ही तीन मजली इमारत. पुढच्या इमारतीतले डॉक्टर 'आता घरी न्या' म्हणायचे आणि घरच्यांना घरी न्यायचा धीर व्हायचा नाही, ती माणसं इथे यायची. इथले डॉक्टर दुखणं कमी करायचे, नर्सबाई पाठीच्या जखमा बघायच्या, आणि उरलेल्याचं, म्हणजे मनाबिनाचं, बघायला एक वेगळा विभाग होता. लिफ्ट आणि चादरींचं कपाट यांच्यामध्ये एक टेबल, तीन खुर्च्या आणि भिंतीवर पाटी: 'आत्मिक आधार'. टेबलाचा एक पाय आखूड असल्यामुळे त्याच्याखाली पुठ्ठ्याची घडी घातलेली होती. आत्मिक आधाराला आधार कशाचा, तर पुठ्ठ्याचा, अशी थट्टा डॉक्टर लोक रोज नव्याने सुचल्यासारखी करायचे.

या विभागाचं नाव झालं ते माफीताईंमुळे. आधी त्या एका वर्तमानपत्राच्या कचेरीत छोट्या जाहिराती आणि निधनाच्या बातम्या घ्यायच्या खिडकीवर होत्या. लोक खिडकीशी येऊन रडायचे, अडखळायचे, भलतंच सांगायचे. ताई त्यातून सहा ओळी काढून द्यायच्या. सहा ओळींत आयुष्य बसवायची अशी काही हातोटी त्यांना साधली, की लोक दुसरी वर्तमानपत्रं सोडून त्यांच्या खिडकीशी यायचे. इथला कारभार बघणाऱ्या मोठ्या बाईंच्या सासऱ्यांची बातमी त्यांनीच लिहिली होती. सासरे आयुष्यभर कुणाशी धड बोलले नव्हते. ताईंनी 'मितभाषी' लिहिलं. मोठ्या बाईंनी त्याच आठवड्यात त्यांना इकडे बोलावून घेतलं.

आणि माफीताईंनी 'निरोपाचं पान' सुरू केलं. जाणाऱ्याजवळ बसायचं, त्याचं बोलणं टिपायचं, नीट लिहून काढायचं, आणि तो गेल्यावर घरच्यांच्या हातात द्यायचं. जाणाऱ्याचं ओझं उतरतं, राहणाऱ्याला धरायला काहीतरी मिळतं. लोक ती पानं फ्रेम करून लावायचे. प्रत्येक पानात कुठे ना कुठे कोणीतरी कोणाला तरी माफ केलेलं असायचंच, म्हणून आख्ख्या इमारतीत त्यांचं नाव 'माफीताई' पडलं. तोंडावर नुसतं 'ताई'. त्यांना ठाऊक नव्हतं असं नाही, मनातून आवडायचंही.

"माणूस शेवटी मोठं काही बोलत नाही बरं का," हाताखाली शिकायला येणाऱ्यांना त्या सांगायच्या. "टाकीचा नळ गळतो ते सांगतो. चहात साखर नव्हती ते सांगतो. सुनेचं गाऱ्हाणं सांगतो. हे सगळं कच्चं. बाजारातून आणलेली भाजी आपण मातीसकट ताटात वाढतो का? निवडतो, धुतो, शिजवतो. तसंच हे. कच्चं कुणाला द्यायचं नाही."

आणि कच्च्याचा नियम कडक होता. रोज संध्याकाळी घरी जायच्या आधी सगळ्यांनी आपापले कच्चे कागद घडी करून ताईंच्या हातात द्यायचे. ताई ते न उघडता, स्वतःच्या हाताने, बारीक फाडायच्या. सुरुवातीला एक कच्चा कागद चुकून घरच्यांच्या हाती लागला होता, आणि दोन जावांनी सासूच्या उशाशी उभं राहून एकमेकींचा उद्धार केला होता. 'धाकटीनं दुधात पाणी घातलं' एवढीच ओळ होती कागदावर. तेव्हापासून फाडणं. न वाचता फाडण्याचा ताईंना अभिमान होता. दुसऱ्याचा कच्चा कागद वाचणं म्हणजे दुसऱ्याला आंघोळ करताना बघणं, असं त्या म्हणायच्या.

अक्का आली ती एका मंगळवारी, स्ट्रेचरवरून, लिफ्टमधून, थेट त्या टेबलासमोर.

ताई कपाटाला टेकून फोनवर बोलत होत्या. स्ट्रेचरवरच्या बाईचं तोंड त्यांनी पाहिलं आणि बोलणं तसंच चालू ठेवलं. पलीकडच्या माणसाला नंतर सांगता आलं नसतं की एकच वाक्य त्यांनी कशासाठी दोनदा म्हटलं.

मागून भाची आली, हातात पिशव्या.

"मावशी, तू इथं असतेस हे आईला माहीत नव्हतं," ती हळूच म्हणाली. "मला होतं."

"मग सांगितलं नाहीस तिला?"

"सांगितलं असतं तर आली असती का?"

तेही बरोबरच होतं. दोघी बहिणी आईच्या मरणापासून एकमेकींशी बोलल्या नव्हत्या. भांडण घरादाराचं नव्हतं, दागिन्यांचं नव्हतं. असतं तर मिटलं असतं. भांडण एका ओळीचं होतं. आई अंथरुणाला खिळली ती अक्काकडे. तिचं हागणंमुतणं, कुशीवर वळवणं, चमच्याने भरवणं, रागाच्या भरात तिने फेकलेली भांडी उचलणं, सगळं अक्काचं. धाकटी नोकरीच्या गावाहून अधूनमधून यायची, येताना फळं आणायची. आई गेली तेव्हा ती वाटेत, बसमध्ये होती. पोचली, रडली, आणि रडून झाल्यावर स्वतःच्या वर्तमानपत्रासाठी बातमी लिहायला बसली. ती तिची विद्या होती. त्या घरात ती दुसरं काय करू शकणार होती? बातमी छापून आली. 'दोन्ही लेकींच्या मांडीवर त्यांनी शांतपणे प्राण सोडला.'

अक्काने वर्तमानपत्राची घडी घातली आणि स्वयंपाकघरात येऊन ओट्यावर ठेवली.

"मांडी माझी होती, धाकटे. तू बसमध्ये होतीस."

"अगं अक्का, लिहिताना असं लिहावं लागतं."

"आणि शांतपणे नाही गेली ती. तुला काय सांगायचं! माझा हात धरला होता, त्याचे वळ बघ."

"आता लोकांना वळ दाखवायचे का?"

"नको दाखवूस. तू जगातल्या सगळ्या आयांचं लिहीत बस. माझ्याशी बोलू नकोस."

आणि अक्का शब्दाची पक्की निघाली. मधे कितीतरी लग्नंबिग्नं होऊन गेली. अक्का दिसली की धाकटी दुसऱ्या खोलीत जायची, म्हणजे अक्काला जावं लागू नये.

आता दुसरी खोली नव्हती. खिडकीजवळची कॉट, पलीकडे भिंत. अक्काला कॉटवर ठेवलं, नळ्या लावल्या, आणि सगळे बाहेर गेल्यावर ती भिंतीकडे तोंड करून वळली.

आपल्या माणसाचं पान आपण लिहायचं नाही, हाही ताईंचाच नियम. त्यांनी अक्काचं काम 'नवी'कडे दिलं. नवी म्हणजे ताईंच्या हाताखाली तयार झालेली मुलगी. बरीच वर्षं झाली तरी तिला नवीच म्हणत, कारण तिच्यानंतर कोणी टिकलंच नव्हतं. हुशार, गोड बोलणारी, आणि ताईंची सहीसही नक्कल. थोपटायची सुद्धा ताईंसारखी: तीन वेळा, मग हात तिथेच ठेवायचा.

"काही खास विचारायचंय का त्यांना, ताई?"

"काही नाही. बोलेल ते घे."

"तुमच्याबद्दल?"

"म्हटलं ना, बोलेल ते घे."

पण मन कुठे राहतं? ताई रोज अक्काच्या दारापर्यंत जायच्या. कधी दाराबाहेरचा औषधांचा तक्ता वाचायच्या, जणू काही त्यातलं त्यांना कळत होतं; कधी नर्सला उगाच काहीतरी विचारायच्या. मग उंबऱ्यावर उभ्या राहायच्या. आत अक्काची पाठ. पाठ पहिल्यापासूनच रुंद होती. आता गाऊनमधून मणके मोजता येत होते. तोंड भिंतीकडे. एवढा वळसा घेऊन तिने तोंड फिरवलंय, तर आपण होऊन आत जाऊन तिला त्रास कशाला द्या, असं ताई मनाशी म्हणायच्या. एकदा वळू दे तिला. एकदा नुसतं 'कोण?' म्हणू दे. मग बघू. अक्का वळायची नाही. ताई माघारी यायच्या आणि दुसऱ्या कोणाच्या तरी उशाशी बसून, आयुष्यात मन मोकळं करणं किती मोलाचं असतं ते सांगायच्या.

त्या मजल्यावर फरशी पुसायला फरशीकाकू होत्या. भिंतींना माणसाच्या उंचीपर्यंत चकचकीत ऑइलपेंट होता, धुता यावा म्हणून, आणि काकू तो फरशीपेक्षाही मन लावून घासायच्या. "माझ्या भिंतीत बघून भांग पाडा की ताई," त्या दारात उभ्या असलेल्या ताईंना म्हणाल्या, "रोज रोज इथं उभ्या राहून केस विस्कटलेत तुमचे."

"काकू, तुमचं काम करा."

"तेच करतेय. तुम्ही मधे उभ्या आहात."

ताई बाजूला झाल्या.

त्या दिवशी नवी बराच वेळ आत होती. बाहेर आली ती हसत.

"तुमच्या अक्का काय विनोदी आहेत हो! डॉक्टरांना म्हणाल्या, नाडी सापडत नसेल तर खिशात बघा, मगाशी ठेवलीत."

ताईंना ते बोलणं विंचवासारखं डसलं. इतकी वर्षं जिच्या एका शब्दासाठी त्यांनी लग्नघरांतल्या मागच्या खोल्या धरल्या, ती इथे उपऱ्यांना विनोद वाटत होती.

"बोलली?"

"पुष्कळ. आज अगदी मोकळ्या झाल्या." आणि नवीने नियमाप्रमाणे कच्चा कागद घडी करून त्यांच्या हातात दिला.

संध्याकाळी सगळे गेले. टेबलावर घड्या पडल्या होत्या. ताईंनी एकेक फाडायला घेतली. अक्काची घडी इतरांपेक्षा जाड होती. वरून नवीचं गोल अक्षर उलटं उमटलेलं दिसत होतं. दिव्यासमोर धरलं असतं तरी एखादी ओळ लागली असती. ताईंनी ती हातात घेतली, ठेवली, परत घेतली. चादरींचं कपाट बंद आहे का ते बघून आल्या. मग घडी न उघडता आडवी फाडली, उभी फाडली, आणि तुकडे इतके बारीक केले की एका तुकड्यावर एक अख्खं अक्षरही राहू नये.

नियम म्हणजे नियम, असं त्यांनी स्वतःला सांगितलं. नियमाला जेवढं श्रेय दिलं तेवढं त्याचं नव्हतं. त्या घडीत 'धाकटी' हा शब्द असेल तर काय वाचायला लागेल, आणि नसेल तर त्यानंतर काय वाचायचं राहील, या दोन्हीची भीती कागदापेक्षा जाड होती. शिवाय पक्कं पान मिळणारच होतं. पक्क्याची त्यांना सवय होती.

अक्का गेली ती सकाळी, सगळे कामात असताना. ताई तेव्हा खालच्या हॉलमध्ये पुढच्या इमारतीतल्या नर्सेसना 'जाणाऱ्याजवळ कसं बसावं' हे शिकवत होत्या. निरोप घेऊन आलेल्या मुलाला त्यांनी हाताने थांबवलं आणि तोंडातलं वाक्य पुरं केलं.

दुपारी खालच्या छोट्या खोलीत घरची माणसं जमली. नवीने फिकट पिवळं पाकीट भाचीच्या हातात दिलं. भाचीने ते उघडलं, दोन ओळी वाचल्या, आणि पान पुढे केलं.

"मावशी, तूच वाच. तुझा आवाज चांगला आहे."

ताईंनी चष्मा लावला. पान नीट मांडलेलं होतं. आभार, मग आठवणी, मग माफी, मग आशीर्वाद: चारी परिच्छेद जागच्या जागी, वाक्यं आखूड, एकही अवघड शब्द नाही. आपलंच जुनं पान वाचतोय असं त्यांना वाटलं. आवाज न कापता त्या वाचत गेल्या: 'लेकीनं माझं खूप केलं. जावई मुलासारखा राहिला. मला माझी आई आठवते. शेवटी आईजवळ आम्ही दोघी बहिणी होतो...'

इथे त्या थांबल्या.

खोलीत कोणीतरी हुंदका दिला. जावयाने पाण्याचा ग्लास पुढे केला. सगळ्यांना वाटलं, बहीण आहे, भरून आलं. ताई पाणी प्यायल्या आणि त्यांनी पुढचं वाचलं: 'धाकटीला सांगा, मनात काही ठेवलेलं नाही.'

शेवटचं वाक्य तर त्यांच्या स्वतःच्या घरचं होतं. शिंप्याच्या पानात होतं, शिंप्याच्या आधीच्यांच्या पानांत होतं. ते कुठून आलं हे त्यांना विचारायची गरज नव्हती. पण आईचं? आईचं नवीला कोण सांगणार? भाचीला धड माहीत नाही. म्हणजे अक्का आईचं बोलली होती. त्या दिवसाचं बोलली होती. आता काय बोलली, हाच प्रश्न. 'आईजवळ मी एकटी होते' असं बोलली, आणि पोरीने एकटीला शिजवून दोघी केलं? की खरंच 'दोघी होतो' म्हणाली? बसमधल्या धाकटीला, इतक्या वर्षांनी, मरता मरता, तिने आपल्या मांडीशेजारी जागा करून दिली? तसं असेल तर जगात कोणी कोणाला दिली नसेल एवढी माफी होती ती. आणि नसेल तर तीच जुनी छापील थाप होती. फक्त या वेळी अक्काच्या तोंडी घातलेली, आणि तिला ओट्यावर घडी आणून ठेवायची सोय नसलेली.

नवी टेबलाशी बसून दुसऱ्या कोणाचं तरी पान लिहीत होती. ताई समोरच्या खुर्चीत बसल्या.

"अक्का काय म्हणाली गं?"

नवीने पेन खाली ठेवलं, मान थोडी तिरकी केली आणि मऊ आवाजात म्हणाली, "लिहिलंय तेच म्हणाल्या, ताई."

"ते नको. ते मी शिकवलंय तुला."

"मग काय सांगू?"

"दोघी म्हणाली की एकटी?"

"म्हणजे?"

"आईजवळ. 'दोघी होतो' म्हणाली, की 'एकटी होते'?"

नवीने खरंच आठवायचा प्रयत्न केला. कपाळाला आठ्या घातल्या, डोळे मिटले. ती खोटं बोलणारी मुलगी नव्हती. ताई तिच्या तोंडाकडे अशा बघत होत्या, जसे लोक आजवर त्यांच्या तोंडाकडे बघत आले होते.

"आईचं बोलल्या, हे नक्की," नवी म्हणाली. "मांडीचं काहीतरी. हाताच्या वळांचं. तुमचंही नाव निघालं. पण शब्द... ताई, मला ना, एकदा पक्कं केलं की कच्चं आठवतच नाही. तुम्हीच म्हणता ना, डोक्यात ठेवायचं नाही, नाहीतर दुसऱ्या माणसाशी नीट बसता येत नाही."

"कागदावर लिहिलं असशील."

"हो तर. सगळं लिहिलं होतं, शब्दन्‌शब्द. कागद तुमच्याकडे दिला होता."

ताईंनी स्वतःच्या बोटांकडे पाहिलं.

"तुमची बहीण, म्हणून मी जरा जास्तच मन लावून केलं ते पान," नवी म्हणाली. मग ताईंचा चेहरा बघून घाबरली आणि घाईघाईने म्हणाली, "दोघी म्हणाल्या असतील, ताई. दोघीच म्हणाल्या असतील."

आणि तिने ताईंच्या पाठीवर थोपटलं. तीन वेळा. मग हात तिथेच ठेवला.

ताईंनी फरशीकाकूंनाही विचारून पाहिलं. जिन्यात गाठलं, बादलीला हात घातला, म्हणाल्या, "तुम्ही आत होतात ना हो, ती बोलत होती तेव्हा?"

"फरशी पुसत होते. ऐकत नव्हते."

"काकू, सगळ्या मजल्याचं तुम्हाला माहीत असतं."

"माहीत असतं ते बाहेरचं. मरणाऱ्याचं नाही ऐकत मी, झोप लागत नाही मग." काकूंनी फडकं पिळलं. "एक मात्र सारखं म्हणायच्या. भिंतीकडं तोंड करून. 'ती बघा, आली.' मग जराशानं म्हणायच्या, 'आता जाईल.' मी वळून बघायचे तर दारात तुम्ही. मला वाटलं, मेंदूवर गेलंय त्यांच्या. पाठीला का डोळे असतात माणसाच्या?"

ताईंनाही तसंच वाटलं. त्या दुखण्यात होतं तसं. डॉक्टरही तसंच म्हणाले असते.

पुढे काही दिवस त्यांनी रजा घेतली, मग रजेत घरात बसवेना म्हणून परत आल्या. आता कच्चे कागद नवी फाडायची. ताईंची पानं पूर्वीसारखीच उतरायची, किंबहुना जास्त सुबक. दुखावलेल्या हाताला लिहिताना वळण चांगलं येतं, असं मोठ्या बाई कौतुकाने म्हणाल्या. नातेवाईक विचारायचे, "खरंच असं म्हणाले?" आणि ताई सांगायच्या, "लिहिलंय तेच म्हणाले." दुसरं काय सांगणार? लोकांना घरी जायचं असतं. अक्काचं पान मात्र त्यांनी फ्रेम केलं नाही, फाडलंही नाही. कपाटातल्या चादरींच्या घडीत ठेवलं आणि चादर कोणती ते विसरायचा प्रयत्न केला.

खिडकीजवळच्या त्या कॉटवर मग एक घड्याळजी आला. आयुष्यभर एका डोळ्याला भिंग लावून बसलेला, त्यामुळे डोळा न हलवता पडून राहायचा. तोही अक्कासारखाच कुशीवर, भिंतीकडे तोंड करून. त्या कुशीवर दुखतं कमी, असं नर्स म्हणाली. ताईंना ते नवीनच होतं. त्या कुशीवर दुखतं कमी.

"बोला," त्या पॅड मांडीवर घेऊन म्हणाल्या.

घड्याळजी काहीतरी पुटपुटला. ऐकू येईना. ताई पलीकडे, भिंतीच्या आणि कॉटच्या मधल्या चिंचोळ्या जागेत जाऊ शकत नव्हत्या, म्हणून त्या कॉटवरूनच वाकल्या, इतक्या, की त्यांचा गाल उशीला टेकला आणि डोळे त्याच्या डोळ्यांच्या रेषेत आले.

समोर काकूंनी घासलेली भिंत होती. भिंतीत दार होतं.

स्वच्छ नव्हतं, तळ्यात दिसावं तसं होतं. पण मागच्या पॅसेजचा उजेड, त्याची चौकट, आणि चौकटीत कोणीतरी उभं असलेलं नीट दिसत होतं. हातात पिशवी. एकदा पुढे झालं, परत मागे झालं. तक्ता वाचल्यासारखं केलं.

"तो बघा, आला," घड्याळजी म्हणाला. आता त्याचं बोलणं स्पष्ट लागलं.

ताई तशाच वाकून राहिल्या. पॅड मांडीवरून सरकून खाली पडलं. काही वेळाने, न वळता, त्या मोठ्याने म्हणाल्या, "आत या."

"झोपलेत ना," दारातला माणूस कुजबुजला. "तिकडं तोंड आहे. कशाला उठवता?"

"जागे आहेत. आत या तुम्ही."

"राहू द्या हो ताई. त्यांना त्रास नको. उद्या येतो."

भिंतीतली आकृती जरा रेंगाळली, पिशवी या हातातून त्या हातात गेली, आणि चौकटीतून निघून गेली.

"हे लिहू नका," घड्याळजी म्हणाला.

"नाही लिहीत," माफीताई म्हणाल्या.

दोघंही भिंतीकडे बघत राहिली. भिंतीत आता नुसतं दार उरलं होतं, आणि ते उघडं होतं.